संस्था जशी, तशी सेवा
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने श्रावकाच्या आचारात सांगितली आहेत. दान व्यक्ती करते; परंतु ते गरजूच्या हाती पोहोचविण्याचे कार्य आज बहुधा संस्था करतात. म्हणूनच सेवेचे स्वरूप जितके कार्यकर्त्याच्या अंतःकरणावर, तितकेच संस्थेच्या घडणीवर अवलंबून असते. संस्थेचा ठराव, अर्जाचा नमुना आणि हिशोबाची वही यांवरूनच कार्यकर्त्याचा दिवस ठरतो.

मराठवाड्याच्या वेशीवरील जामखेडचे उदाहरण बोलके आहे. 1970 साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. प्रारंभी प्रशिक्षित परिचारिका खेड्यांत नेमून पाहिल्या. तो प्रयोग टिकला नाही. तेव्हा प्रकल्पाने निवडीचा नियमच बदलला. गावानेच निवडलेली, पुष्कळदा निरक्षर व उपेक्षित समाजातील स्त्री आरोग्यसेविका झाली. तिला जामखेडला नियमित प्रशिक्षण मिळू लागले. बाळंतपण, बालकांचे पोषण, पाण्याची स्वच्छता ही कामे तिने आपल्या गावात रुजविली. करुणा पूर्वीही होतीच. नियम बदलल्यावर ती उंबरठ्यापर्यंत पोहोचली. 1979 साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार लाभला.

दुसरे उदाहरण किल्लारीचे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपाने लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो जीव घेतले. अन्न, वस्त्र, ब्लँकेट यांचे वाटप तातडीचे होते. परंतु शांतिलाल मुथ्था यांनी 1985 साली स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने त्यापुढे पाऊल टाकले. भूकंपग्रस्त भागातील सुमारे 1200 मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले. वाटप काही आठवड्यांत संपते. मुलाची जबाबदारी वर्षानुवर्षे चालते. त्या एका निर्णयाने वसतिगृह, शाळा आणि दुखावलेल्या बालमनाची जपणूक हे कार्यकर्त्यांचे नित्यकर्म झाले. 2001 च्या गुजरात भूकंपानंतर याच संघटनेने तेथे शाळा उभारल्या.

या नाण्याला दुसरी बाजूही आहे. जे वहीत मोजले जाते, तेच हातून घडते. ब्लँकेट मोजणाऱ्या संस्थेचा कार्यकर्ता ब्लँकेटच वाटत राहतो. 1950 च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याने हिशोबतपासणी बंधनकारक केली, ते योग्यच झाले. पैसा लोकांचा आहे. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांच्या नफ्यातील दोन टक्के रक्कम समाजकार्याकडे वळविली, हेही स्वागतार्ह. परंतु ताळेबंद मार्चअखेर जुळतो. माणसाचे दुःख मार्चअखेर संपत नाही.

आपल्या परभणी जिल्ह्यातीलच पाहावे. गंगाखेड, सोनपेठ, पाथरी या भागांतून दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुलांची शाळा मध्येच सुटते. शिष्यवृत्तीसाठी वर्षभराच्या हजेरीचा दाखला मागितला, तर ज्याला मदतीची सर्वाधिक गरज आहे, तेच मूल वगळले जाते. यात कोणाचाही हेतू वाईट नसतो. अर्जातील एक ओळ पुरेशी असते. तीच ओळ बदलून 'आई-वडील तोडीला गेल्यावर मूल कोणाकडे राहणार?' असे विचारले, तर कार्यकर्ता त्या घरी जाईल, आजीशी बोलेल, शिक्षकांना भेटेल. दाखले तपासणारा कार्यकर्ता पालक होईल.

पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेने म्हणूनच तीन गोष्टी कराव्यात. प्रत्येक जुना नियम कोणाला बाहेर ठेवतो, हे तपासावे. ज्यांच्यासाठी योजना आहे, त्यांच्यातील एखाद्या जाणत्या व्यक्तीस समितीवर घ्यावे. आणि वार्षिक अहवालात 'किती जणांना दिले' या रकान्याशेजारी 'वर्षानंतर त्यांचे काय झाले' हा रकाना जोडावा.

दात्याचे नाव शिलेवर कोरले जाते. सेवेची खरी नोंद मात्र शाळेत टिकलेल्या त्या मुलाच्या आयुष्यात होते. येणाऱ्या पन्नास वर्षांत अशा नोंदी वाढोत, हीच मंगल कामना.

जय जिनेंद्र!