भोगीची भाकरी आणि घरची पंगत

(नभोवाणीवरील भाषण)

पौष महिना आपल्याकडे मंगलकार्यांस वर्ज्य मानला जातो. लग्ने नाहीत, मुंजी नाहीत, मांडव नाहीत. तरीही घरगुती जेवणाच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत संपन्न महिना कोणता, असे मला कोणी विचारले, तर मी बहुधा पौषाचेच नाव घेईन. कडाक्याची थंडी, बाजारात नव्या धान्याची व ताज्या भाज्यांची रेलचेल, आणि त्यातच संक्रांतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे बहुधा 13 जानेवारीस, येणारी भोगी. या भोगीच्या जेवणाविषयी आज चार शब्द बोलण्याचे मी योजिले आहे.

मी पाकशास्त्रज्ञ नव्हे. माझे आयुष्य मुलांना शुद्धलेखन व अंकगणित शिकविण्यात गेले. तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या भगिनींची कदाचित थोडी निराशा होईल. मला सांगावयाचे आहे ते पदार्थांविषयी थोडे, आणि ते पदार्थ कोणी कोणासमवेत बसून खावे याविषयी अधिक.

भोगीचा बेत आपणांस ठाऊक आहेच. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा, पाचसहा भाज्या व शेंगा एकत्र करून केलेली भाजी, मुगाच्या डाळीची खिचडी, कोठे वांग्याचे भरीत, कोठे तिळाची चटणी. या मिश्र भाजीस काही भागांत खेंगट म्हणतात, तर काही घरी तिला लेकुरवाळी म्हणतात. हा दुसरा शब्द मला फार आवडतो. वांगे, गाजर, पावटा, घेवडा, हरभऱ्याचे सोलाणे, ओले शेंगदाणे, अशी कितीतरी लेकरे एकाच पातेल्यात नांदतात. प्रत्येकाची चव निराळी राहते, रस्सा मात्र सर्वांचा मिळून एक होतो. या सुमारास गुजरातेत उंधियू शिजते, पंजाबात लोहडीची शेकोटी पेटते, तामिळनाडूत नव्या तांदळाचा पोंगल उतू जातो, आसामात भोगाली बिहू होतो. नावे निराळी असली तरी घरात नवे धान्य आल्याचा आनंद सर्वत्र एकच आहे.

'न खाई भोगी, तो सदा रोगी' अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हणीस वैद्यकशास्त्र समजू नये. भोगी न खाणारीही पुष्कळ माणसे धडधाकट असतात! तथापि या बेताच्या मुळाशी एक सरळ विचार आहे, तो असा की ज्या ऋतूत जे पिकते, ते त्या ऋतूत ताजे खावे. पावसाच्या आरंभी पेरलेली बाजरी दिवाळीच्या आगेमागे खळ्यावर येते. तिळाचेही तेच. उसाची गुऱ्हाळे त्यानंतर सुरू होतात व नवा गूळ पेठेत येतो. शेंगाभाज्यांचा तर हा ऐन बहर. तेव्हा भोगीचे ताट म्हणजे त्या त्या वर्षीच्या शेताचा लहानसा नमुनाच होय.

थंडीशीही या पदार्थांचा मेळ आहे. तिळाच्या वजनाचा सुमारे अर्धा भाग तेलच असते. बाजरीतही स्निग्धांश शेकडा पाचाच्या आसपास, म्हणजे गव्हाच्या दुपटीहून अधिक असतो. हिवाळ्यात कोरड्या पडणाऱ्या शरीरास असे अन्न मानवते. परंतु याच स्निग्धांशामुळे बाजरीचे पीठ फार दिवस टिकत नाही, लवकर कडवट होते. संयुक्त राष्ट्रसंघाने 2023 हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, आणि तेव्हापासून आपल्या शहरांतील दुकानांत बाजरीच्या पिठाच्या पिशव्या पूर्वीपेक्षा अधिक दिसू लागल्या आहेत. गोष्ट चांगली आहे. मात्र पिशवी घेण्यापूर्वी दळणाची तारीख अवश्य पाहावी. शक्य असेल त्यांनी बाजरी घ्यावी आणि आठवड्यापुरतीच दळून आणावी. भाकरी कडू लागली की दोष भाकरी करणारीला दिला जातो. तो पुष्कळदा पिठाचा असतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. गव्हाच्या पिठात जो चिवटपणा असतो, तो बाजरीच्या पिठात नसतो. म्हणूनच पोळीची कणीक एकदा मळून ठेवता येते, तसे भाकरीचे करता येत नाही. एका भाकरीपुरते पीठ परातीत घ्यावयाचे, त्यात कढत पाणी घालावयाचे, तळहाताच्या टाचेने ते चांगले रगडावयाचे, हलक्या हाताने थापावयाचे, वर तीळ पेरावयाचे, मग तव्यावर टाकून वरच्या अंगास पाणी लावावयाचे, उलटावयाचे, आणि शेवटी निखाऱ्यावर अगर गॅसच्या आचेवर फुगवावयाची. ती टम्म फुगली, वरचा पापुद्रा सुटला, की त्यात लोणी सोडून लगेच खावी. पाच मिनिटे गेली की तीच भाकरी वातड होऊ लागते, आणि पूर्ण निवाली की कडक होते. गरम भाकरीची गोडी गार भाकरीत नाही, हे सर्वांनाच ठाऊक आहे.

यातून एक साधे गणित उद्भवते. घरात आठ माणसे आहेत, प्रत्येकाच्या दोन भाकऱ्या धरल्या तर सोळा होतात. थापण्यापासून फुगेपर्यंत एका भाकरीस तीन मिनिटे लागतात असे मानले, तर सोळा भाकऱ्यांस अठ्ठेचाळीस मिनिटे लागतील. आता प्रत्येकास भाकरी गरमच हवी. मग त्या अठ्ठेचाळीस मिनिटांत चुलीपाशी उभे कोण? आणि ज्या व्यक्तीच्या हातून सर्वांना गरम भाकरी मिळते, तिला गरम भाकरी कोण देणार? पाटीवर हे उदाहरण कितीही वेळा मांडले, तरी उत्तर एकच येते. एक माणूस पंगतीबाहेर राहते, आणि ते माणूस बहुतेक घरी ठरलेले असते.

माझ्या लहानपणी आमच्या घरी भोगीला अकरा पाने असत. आई सकाळपासून चुलीपुढे बसे. आम्हा मुलांची पंगत, मग वडील माणसांची, मग आल्यागेल्याची. सर्वांचे झाल्यावर परातीतल्या शेवटच्या पिठाची एक भाकरी ती स्वतःसाठी थापी. पण चूल आवरून, खरकटे काढून ती पानावर बसे तोवर ती भाकरी निवून गेलेली असे. मग पातेल्याच्या तळाशी राहिलेल्या रश्श्यात ती कुस्करून खाई. "कुस्करलेलीच मला गोड लागते हो," असे ती म्हणे. तिला ती खरोखरीच गोड लागत असेलही. परंतु ज्या माणसापुढे दुसरी भाकरी कधी आलीच नाही, त्याच्या आवडीस आवड म्हणावे काय, हा प्रश्न राहतोच.

हा प्रश्न केवळ जुन्या काळचा आहे असे समजण्याचे कारण नाही. भारत सरकारने 2019 साली लोकांच्या दिवसाच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास जातात, असे तीत आढळले. घरकाम करणाऱ्या पुरुषांची सरासरी होती 97 मिनिटे. आणि असे पुरुष शंभरात सव्वीसच होते. चुलीच्या जागी गॅस आला, पाट्याच्या जागी यंत्र आले. परंतु तव्यापाशी उभे राहणारे माणूस बदलले नाही. स्वयंपाकाच्या पुस्तकांनी आपल्यावर मोठे उपकार केले आहेत. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' 1970 साली निघाले आणि नवख्या मुलींस घरोघर त्याचा आधार झाला. परंतु साहित्य व कृती पुस्तकात मिळते. पानावर कोणी केव्हा बसावे हे ज्याने त्याने आपल्या घरी ठरवावयाचे असते.

आमच्या घरी काही वर्षांपूर्वी याविषयी बोलणे निघाले. विषय काढला तो सूनबाईने. ती म्हणाली, "आई, यंदा पहिल्या दोन भाकऱ्या तुमच्या. त्यापुढच्या आम्ही पाहू." आमच्या कुटुंबास हे मुळीच रुचले नाही. "अगं, मी पानावर बसायचं आणि मुलानं भाकरी भाजायची? पाहुणे काय म्हणतील?" असा तिचा आक्षेप. पाहुणे काही म्हणाले नाहीत. त्यांचे लक्ष भाजीकडे होते. चिरंजीवांनी थापलेली पहिली भाकरी लंकेच्या नकाशासारखी झाली, दुसरीस मध्ये भोक पडले. पानावर बसल्या बसल्या आमच्या कुटुंबाच्या सूचना चालूच होत्या: "अरे, पाणी लाव वरून! उलट आता, करपेल!" तिसरी भाकरी मात्र फुगली. ती तिच्या पानात पडली, तिच्यावर लोणी घातले गेले, आणि सूचना थांबल्या. तिने ती शांतपणे, सावकाश खाल्ली. शेवटी एवढेच म्हणाली, "तीळ छान खमंग भाजले गेलेत." इतक्या वर्षांत तिने त्या तिळांची चव प्रथमच नीट घेतली असावी.

तेव्हापासून आमच्याकडे एक रीत पडली आहे. ज्याचे जेवण झाले त्याने उठावे, हात धुवावे आणि तवा सांभाळावा. पंगत अशी फिरती राहते आणि कोणाच्याही वाट्यास केवळ गार भाकरी येत नाही. भाकऱ्यांचा आकार थोडा बिघडतो. परंतु तोंडात गेल्यावर आकाराचे काय राहते?

बाकीचे कामही असेच वाटून घेता येते. भोगीच्या भाजीत खरा वेळ जातो तो निवडण्यासोलण्यात. आदल्या रात्री जेवणे झाल्यावर मध्ये सूप ठेवून सर्वांनी भोवती बसावे. पावटे सोलावे, हरभऱ्याचे घाटे फोडावे, तीळ निवडावे. मुलांना हे काम सांगावे लागत नाही. ती सोलतात थोडे व खातात फार, पण बसतात. गप्पा होतात, आजोबा-आजींच्या जुन्या गोष्टी निघतात, आणि तासाभरात ताटभर दाणे तयार होतात. कचेऱ्यांना भोगीस सुटी असतेच असे नाही. तेव्हा दुपारचा बेत रात्री केला तरी हरकत नसावी. थंडीच्या रात्री तव्यावरची भाकरी अधिकच गोड लागते.

भोगीची ही अडचण दुसऱ्याच दिवशी संक्रांत सोडविते. गुळाची पोळी गार खावयाची असते. किसलेला गूळ, भाजून कुटलेले तीळ, तेलावर खमंग भाजलेले डाळीचे पीठ, थोडी खसखस, वेलची व जायफळ यांचे सारण करून ते दोन पाऱ्यांमध्ये घालावयाचे आणि पोळी लाटावयाची. गूळ कडेपर्यंत पोचला पाहिजे, नाही तर कड कोरडी लागते; पोळी फुटली तर गूळ तव्यावर सांडून जळतो. काम नाजूक आहे. पण ते आदल्या दिवशी अथवा त्याच्याही आधी करून ठेवता येते, कारण ही पोळी आठवडाभर सहज टिकते. त्यामुळे संक्रांतीच्या दुपारी घरातील प्रत्येक माणूस, करणारीसुद्धा, एकाच पंगतीला बसू शकते. गार पोळी, तिच्यावर रवाळ तूप, आणि कोणास मध्येच उठण्याचे कारण नाही! मधुमेह असलेल्यांनी मात्र चतकोरावर समाधान मानावे. गूळ कितीही नवा असला तरी अखेर तो गोडच.

जाता जाता आणखी एक गोष्ट. भोगीला सवाष्णीस जेवावयास बोलाविण्याची अगर शिधा देण्याची चाल अनेक घरी आहे. तिचा अर्थ आपण थोडा रुंद करावा. आपल्या जिन्यावर एखादे एकटे वृद्ध माणूस राहत असेल, शेजारी दूर गावाहून शिकावयास आलेला विद्यार्थी खानावळीचे जेवत असेल, पती निवर्तल्यामुळे जिला सवाष्ण म्हणून कोणी बोलावीत नाही अशी एखादी बाई असेल. त्यांच्याकडे डबा पाठविणे चांगले. त्यांना बोलावून आपल्या ओळीत पान मांडणे त्याहून चांगले. डब्यातून भाजी जाते, खिचडी जाते. गरम भाकरी जात नाही. तिच्यासाठी माणसालाच यावे लागते.

श्रोतेहो, भोगीच्या दिवशी आपल्या घरी सर्वांची पाने मांडली गेली की एकदा ती मोजून पाहा. घरातील माणसे जितकी, तितकीच पाने आहेत ना, एवढेच पाहावयाचे. एक पान कमी भरले, तर तव्यापाशी जाऊन तेथे उभ्या असलेल्या व्यक्तीच्या हातून उलथने घ्या, आणि तिला पानावर बसवा. पुढचे तुम्हाला जमेल. पहिल्या दोन भाकऱ्या बिघडतील, तिसरी फुगेल.