जुन्या भांड्यांचे काय करावे?

(वर्धापनदिनानिमित्त महिला मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या दिवशी सिनेगॉगचा इतिहास सांगण्याचा प्रघात आहे. ते काम माझ्याआधीच्या वक्त्यांनी उत्तम रीतीने केले आहे. मंडळाने मला दिलेला विषय स्वयंपाकघरातला आहे. काहींना तो या व्यासपीठावर थोडा हलका वाटेल. परंतु गेल्या वर्षभरात आपल्या घराघरांतून सर्वांत जास्त अश्रू याच विषयावरून गळले आहेत, तेव्हा त्यावर बोलायलाच हवे.

आपल्यापैकी अनेकांची घरे अश्दोदच्या जुन्या वस्तीत आहेत. त्या इमारती पाडून तेथे उंच इमारती व्हायच्या आहेत. 'पीनुई-बीनुई' हा शब्द आता आपल्या आजीबाईंच्याही तोंडी बसला आहे. आमच्या जिन्यातील सोळा बिऱ्हाडांपैकी पाच आपली आहेत. नवी इमारत होईपर्यंत लहान भाड्याच्या घरात राहायचे, आणि काहींनी तर मुलांजवळ एका खोलीत जायचे ठरवले आहे. पन्नास वर्षांचा संसार एका खोलीत कसा मावणार?

मध्यंतरी अशी घटना घडली. एका घरी आई दवाखान्यात गेली असताना मुलाने आवराआवर केली. पितळेचा हंडा, दोन तपेली आणि कळशी खाली कचऱ्याच्या डब्याशेजारी नेऊन ठेवली. संध्याकाळच्या आत 'आल्ते झाखेन' ओरडत फिरणाऱ्या भंगारवाल्याने ती उचलली. मुलगा वाईट नाही. ज्या भांड्यातून त्याने आयुष्यात कधी पाणी प्यायले नाही, ते भांडे त्याला काय सांगणार? आई मात्र दोन दिवस जेवली नाही. शेजारणींनी समजूत घातली, तर म्हणाली, "गेल्याचे दुःख नाही ग. मला विचारले असते तर मी स्वतः दिला असता." हे वाक्य माझ्या मनातून जात नाही, आणि आज मला जे बोलायचे आहे ते सारे त्यात आहे.

ही भांडी येथे आली कशी ते तरुण मंडळींना ठाऊक नसेल. आम्ही १९६९ साली आलो. त्या काळी भारतातून बाहेर पैसा नेण्यावर कडक निर्बंध होते. रोख नेता येत नाही, तर संसार न्यावा, असा हिशेब प्रत्येक घरात झाला. लाकडी पेटी बोटीने मागाहून यायची. सुएझ कालवा तेव्हा बंद होता, त्यामुळे आमची पेटी यायला पाच महिने लागले. तोवर घरात सोखनुतने दिलेल्या लोखंडी खाटा, गाद्या आणि एक टेबल, एवढेच. पेटी उघडली तेव्हा जकातीच्या अधिकाऱ्याने आईच्या पाट्यावर बोट ठेवून विचारले, "ही कोणाची मात्सेवा?" त्याला ती कबरीवरची शिळा वाटली! आईला हिब्रू येत नव्हते. तिने तेथेच उकिडवे बसून वरवंटा फिरवून दाखवला. सारे हसले आणि पाटा सुटला.

परंतु खरे सांगायचे तर आणलेल्या वस्तूंपैकी निम्म्या येथे चालल्याच नाहीत. पाट्यावर मसाला वाटायला बसावे तर दुपारी दोन ते चार इमारतीत शांतता पाळायची, आणि खालच्या मजल्यावरच्या बाई छताला झाडू ठोकायच्या. पितळी भांड्यांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांना कल्हई लागते. मुंबईत कल्हईवाला भाता घेऊन दारात यायचा, भांडे तापवून नवसागर टाकायचा, कथील फिरवायचा, आणि काळवंडलेले पातेले आतून चांदीसारखे व्हायचे. येथे कल्हईवाला कोठला? कल्हई उडालेल्या भांड्यात चिंच-कोकमाचा सांबारा केला की तो कळकणारच. म्हणून पितळ वर 'बोयदेम'मध्ये, म्हणजे माळ्यावर गेले, आणि ते कायमचे. जे भांडे चाळीस-पन्नास वर्षे माळ्यावर आहे ते आपण सांभाळले असे आपण म्हणतो. माझ्या मते आपण फक्त माळा सांभाळला.

आपल्या आया-आज्या वस्तूला चिकटून राहणाऱ्या होत्या असाही एक समज आहे. मुळीच नाही. दारात बोहारीण बसली की वडिलांची धड असलेली विजारसुद्धा तिच्या गाठोड्यात जायची आणि घरात स्टीलचे पातेले यायचे. वडील कपाट उघडून बोंब मारायचे ते नंतर! फुटके पितळ मोडीत घालून नवे घेणे हे तर घरोघर चाले. ही रीत किती जुनी असावी? बाराव्या शतकात अब्राहाम बेन यिजू नावाचा एक यहुदी व्यापारी मलबारच्या किनाऱ्यावर राहत होता. त्याचा तेथे पितळेच्या भांड्यांचा कारखाना होता. एडनचे यहुदी व्यापारी जुनी, मोडकी भांडी त्याच्याकडे बोटीने पाठवत आणि त्याच धातूची नवी भांडी घडवून मागवत. हे आपल्याला कळते, कारण त्यांची पत्रे कैरोच्या जुन्या सिनेगॉगच्या गेनिझामध्ये पडून राहिली. त्याच गेनिझामध्ये लग्नात मुलीला दिलेल्या वस्तूंच्या याद्याही सापडल्या आहेत: तांब्याची भांडी, अंथरुणे, पेट्या, सारे तपशिलाने. त्या मुलींची भांडी आज कोठेही नाहीत. यादी आहे.

यादीवरून आठवले. आपल्या स्टीलच्या भांड्यांवर नावे घातलेली आहेत, ती कोणी अलीकडे वाचली आहेत काय? मुंबईला तांबाकाट्यावर भांडे घेतले की दुकानदार तेथल्या तेथे ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरून द्यायचा. कोणाच्या लग्नात, कोणाकडून, कोणत्या तारखेस. एका भगिनीने गेल्या महिन्यात तिच्या आईचे सर्व डबे, वाट्या आणि तांबे उलटे करून वाचले. १९६१ च्या लग्नाला आलेल्या एकोणतीस नातलगांची नावे मिळाली. त्यांतील कित्येक नावे घरात कोणालाच ठाऊक नव्हती. पनवेलच्या एका आत्याबाईंचा पत्ता लागला तो एका झाकणावरून! तिने सर्व नावे वहीत उतरून घेतली, आणि मग सहा वाट्या ठेवून बाकीचे सामान निश्चिंत मनाने वाटून टाकले.

आता धर्म काय सांगतो ते पाहू. मी काही विद्वान नाही. हाजान साहेब बसले आहेत, चुकले तर ते कान धरतील. ज्या ग्रंथावर परमेश्वराचे नाव आहे तो फाटला तरी टाकायचा नाही, गेनिझामध्ये ठेवायचा व पुढे पुरायचा. भांड्याला असा मान नाही. वायिक्राच्या सहाव्या अध्यायात पापार्पण शिजवलेल्या भांड्याविषयी आहे: मातीचे असेल तर फोडावे, तांब्याचे असेल तर घासून धुवावे. म्हणजे मंदिरातले मडकेसुद्धा काम झाल्यावर फुटणारच होते. पेसाहच्या आधी घरातल्या हामेत्सवरची मालकी आपण तोंडाने सोडतो. ते धूळ समजून सोडले असे म्हणावे लागते. नुसते फेकून भागत नाही. सोडणाऱ्याने स्वतः बोलायचे असते. मेझुझाचेही पाहा. मागून यहुदी कुटुंब राहायला येणार असेल तर दारावरची मेझुझा मागे ठेवून जायची. आमची इमारत पाडायची आहे, म्हणून आम्ही ती काढून नेणार. काय ठेवायचे आणि काय न्यायचे, हे मागे कोण राहणार आहे यावर ठरते.

पण यामुळे वस्तू क्षुल्लक ठरतात असे मला म्हणायचे नाही. उलट, आपल्या समाजाइतके वस्तूंचे ऋण क्वचितच कोणावर असेल. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या इतिहासात कोकणातील जुन्या सणांची नावे नोंदवून ठेवली आहेत. हा ग्रंथ १८९७ साली लिहून झाला आणि १९३७ साली तेल अवीवला छापला गेला. ती नावे ऐका: खिरीचा सण, बिरड्याचा सण, दारफाळणीचा सण, अनाशी ढाकण्याचा सण. सगळे घरातले शब्द. त्या काळी आपल्याजवळ हिब्रू ग्रंथ नव्हते, शिकवणारा नव्हता. किप्पूर म्हणजे काय हे सांगता येत नव्हते, पण त्या दिवशी दार लावून घ्यायचे हे माहीत होते. आवच्या नवमीला काय उद्ध्वस्त झाले ते विसरले होते, पण वालाचे बिरडे करायचे हे विसरले नव्हते. आणि पेसाहच्या दिवसांत आंबट रसाचे ते भांडे, ती अनाशी, झाकून ठेवायची. का झाकायची? ठाऊक नव्हते. सासूने झाकली म्हणून सुनेने झाकली.

पुढे ग्रंथ आले, शिकवण आली. १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह हाग्गादा निघाला. पुण्यात १८७४ साली छापलेल्या हाग्गादामध्ये तर आपल्याच पेहरावातल्या बायका मात्सा करताना चितारल्या आहेत. तोवर आपल्याला यहुदी ठेवण्यात एका झाकणाचाही वाटा होता. आता मला सांगा, त्या अनाशीच्या भांड्यांपैकी एक तरी आज कोणाच्या घरी आहे काय? एकही नाही. मातीची होती, फुटली. कोणी त्यांच्यासाठी माळा अडवला नाही. टिकले ते झाकण्याचे काम, कारण दर वर्षी कोणीतरी उठून ते करत होते.

म्हणून आमच्या घरी मी सध्या एकच प्रश्न विचारते. या वस्तूचे काम कोण करणार आहे? माझी धाकटी सून मोरोक्कोच्या घराण्यातली. तिला आमचा खलबत्ता आवडला. ती त्यात जिरे आणि लसूण कुटते आणि तिच्या आईच्या पद्धतीची मासळी करते. काही भगिनी म्हणाल्या, आपल्या आईच्या खलात परक्या पद्धतीचा मसाला? मला तर त्या आवाजाने घर भरल्यासारखे वाटते. तिची चार वर्षांची मुलगी त्याला 'खल' म्हणते, हिब्रू नावाने हाक मारत नाही. उलट एका ओळखीच्या घरी चकचकीत घंगाळ दिवाणखान्यात काचेआड ठेवलेले पाहिले. त्यात अंघोळीचे पाणी काढायचे हे नातवंडांना कोणी सांगितलेले नाही. त्यांना वाटते ती शोभेची कुंडी आहे. त्यापेक्षा कुंडीच करावी, निदान एखादे कढीपत्त्याचे झाड तरी लागेल.

काही थोड्या वस्तू वेगळ्या काढाव्यात. केतुबा, जुने दाखले, मराठी पत्रे, मागे नावे लिहिलेले फोटो हे मुलांच्या हाती न विचारता जाऊ देऊ नका, आणि मागे नावे नसतील तर आजच लिहा. वस्तुसंग्रहालयांचाही विचार करावा. जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियमने १९९५ साली भारतातील यहुद्यांवर मोठे प्रदर्शन भरवले होते, त्यावर पुस्तकही निघाले. पण प्रत्येकीचे पातेले काही म्युझियम घेणार नाही, आणि घेऊ नये. मलिद्याचे ताट ही गोष्ट निराळी. पोहे, खोबरे, खजूर आणि फळे यांनी भरलेले ते ताट एलियाहू हन्नाबीच्या नावाने घराघरांत फिरायला हवे. आमचे मोठे ताट मी सिनेगॉगच्या स्वयंपाकघराला देत आहे. त्याच्या काठाला पोचा आहे. तो अलिबागच्या इस्राएल आळीत माझ्या आजीच्या हातून पडला तेव्हाचा आहे, म्हणून तो ठोकून सरळ करू नये एवढीच विनंती.

आणि ज्या वस्तूचे काम संपले, जी कोणाला नको, तिचे काय? तिचे जे सांगायचे ते सांगून टाकावे, नातवाला, शेजारणीला, कोणालाही, आणि भंगारवाल्याला स्वतःच्या हाताने द्यावी. दुःख होते. होऊ द्यावे. मी माझ्या आईचा पितळी बंब असाच दिला. त्या माणसाला पूर्ण गोष्ट ऐकवली. त्याला घाई होती, तरी बिचारा उभा राहिला.

मंडळाने ठरवल्याप्रमाणे येत्या मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता सिनेगॉगच्या खालच्या दिवाणखान्यात टेबले मांडली जातील. मंगळवार हा आपल्यात घर बदलायला चांगला मानतात, म्हणून तो निवडला. आपापल्या वस्तू घासून, पुसून आणाव्यात. प्रत्येक वस्तूबरोबर एक चिठ्ठी असावी: वस्तूचे मराठी नाव, तिने काय करतात, आणि ती कोणाची होती. मराठी लिहिता येत नसेल त्यांना लिहून देण्यासाठी मी आणि दोघी भगिनी चारपासून बसू. घेणाऱ्याने ती वापरायला न्यावी, ठेवायला नव्हे. तरुण सुनांनी आणि मुलींनी अवश्य यावे. पिशव्या घरून आणाव्यात.

आमचा पाटा-वरवंटाही तेथे असेल. दोन धट्टीकट्टी मुले बरोबर घेऊन या.