मालकाची वही

संघ विकत घेता येतो. त्याच्यावर जीव टाकणारी माणसं विकत घेता येत नाहीत. अमेरिकेतल्या बेसबॉलकडे पाहिलं की हे पटतं.

फ्लोरिडा मार्लिन्स हा संघ १९९३ मध्ये मैदानात उतरला आणि १९९७ मध्ये त्यानं तिथलं सर्वोच्च अजिंक्यपद, वर्ल्ड सिरीज, पटकावलं. मालक वेन हायझेंगा यांनी नामवंत खेळाडूंवर सढळ हातानं पैसा ओतला होता. पण जिंकूनही तोटाच झाला, असं त्यांचं म्हणणं. मग एकेक महागडा खेळाडू दुसऱ्या संघांकडे गेला. पुढच्याच वर्षी हा विजेता संघ १६२ पैकी १०८ सामने हरला!

मग पैसा म्हणजेच विजय का? तसंही नाही. २००२ मध्ये ओकलंड अ‍ॅथलेटिक्सचा पगारखर्च सुमारे चार कोटी डॉलर होता, न्यूयॉर्क यांकीजचा त्याच्या तिप्पट. साखळीत दोघांनीही १०३ सामने जिंकले. ओकलंडनं स्वस्तात गुणी माणसं पारखली होती. पुढे मालक बदलले आणि २०२४ च्या हंगामानंतर संघानं ते शहरच सोडलं.

मालकानं नफा पाहू नये, असं कोण म्हणेल? पगार द्यायचे तर गल्ल्यात नाणं हवंच. पण तिकीट काढून येणारा बाप लेकराला ताळेबंद दाखवायला आणत नाही. तो आशा घेऊन येतो. ती आशा मालकाच्या कुठल्याच वहीत जमा नसते. तरी सारा धंदा उभा असतो तो तिच्यावरच.