बटण दाबताक्षणी



रिडली स्कॉट यांचा ‘ग्लॅडिएटर’ हा २००० सालचा चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याच चित्रपटावरून प्लेटेक या कंपनीने ऑनलाइन स्लॉटचा, म्हणजे पैसे लावून खेळायच्या जुगाराचा, खेळ काढला. पडद्यावर चित्रांचे पाच उभे पट्टे फिरतात. त्यांवरून जाणाऱ्या २५ रेषा ठरलेल्या असतात. एखाद्या रेषेवर सारखी चित्रं जुळली की पैसे मिळतात. मधल्या पट्ट्यांवर येणारं शिरस्त्राण पत्त्यांतल्या जोकरचं काम करतं, आणि कलोसियमची तीन चित्रं आली की फुकट फेऱ्या मिळतात.

हे कलोसियम म्हणजे प्राचीन रोममधला ग्लॅडिएटरांच्या, म्हणजे झुंजणाऱ्या योद्ध्यांच्या, लढतींचा आखाडा. त्याच्या शेजारीच लुडस मॅग्नस नावाची त्यांची तालीम होती. तिथे ते ढाल पेलायला, वार चुकवायला शिकत. त्यांचं जगणं गुलामीचं आणि भयंकर होतं, पण आखाड्यात तयार हात उपयोगी पडे. स्लॉटमध्ये मात्र कसब लागतच नाही. तुम्ही बटण दाबता त्याच क्षणी संगणकाचा प्रोग्रॅम आकडे उचलतो आणि निकाल लागून जातो. त्यानंतर पट्टे फिरताना दिसतात, तो फक्त देखावा. शंभर फेऱ्या कोरड्या गेल्या म्हणून एकशे एकावी लागण्याची शक्यता तिळभरही वाढत नाही. मागची फेरी खेळणाऱ्याला आठवते, प्रोग्रॅमला नाही.

आता पैशांचं पाहू. समजा, तुम्ही प्रत्येक रेषेवर एक रुपया लावला. म्हणजे फेरीला २५ रुपये. एका रेषेवर चित्रं जुळली आणि १० रुपये मिळाले. दिवे चमकतात, तुताऱ्या वाजतात, जिंकल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात १५ रुपये गेलेले असतात! मला या खेळातली सर्वांत घातक गोष्ट हीच वाटते. हरलेल्या माणसाला आपण हरलो हे कळूच दिलं जात नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. समजा, खेळ शंभरातले ९५ रुपये परत देणारा आहे. ऐकायला हे उदार वाटतं. पण मिनिटाला दहा फेऱ्या धरल्या तर तासाला ६०० फेऱ्या होतात, आणि १५,००० रुपये लावले जातात. त्याचे पाच टक्के म्हणजे सरासरी ७५० रुपये तासाला गेले. खिशात सुरुवातीला हजारच असले तरी एवढी रक्कम लावली जाऊ शकते, कारण तेच पैसे पुन्हापुन्हा लावले जातात.

ब्रिटनमध्ये हा धंदा कायदेशीर आहे, पण तिथल्या नियामकाने २०२१ मध्ये ऑनलाइन स्लॉटच्या दोन फेऱ्यांत किमान अडीच सेकंदांचं अंतर सक्तीचं केलं, आणि लावलेल्या रकमेइतकी किंवा तिच्याहून कमी रक्कम परत आल्यावर जल्लोष दाखवायला मनाई केली. २०२५ मध्ये तर तिथल्या सरकारने फेरीला पाच पौंडांची, आणि २५ वर्षांखालच्यांना दोन पौंडांची मर्यादा घातली. आपल्या संसदेने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला.

तरीही तुमच्या घरात कोणी यात अडकलं असेल, तर त्याला रागावण्याआधी हा २५ आणि १० रुपयांचा हिशोब कागदावर मांडून दाखवा. गेलेले पैसे भरून काढायला पुन्हा खेळू देऊ नका. आणि मदत हवी असेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक आहे १४४१६.