एडिथची पत्रं
मैत्रिणींनो, इंग्रजी रहस्यकथा मीही चवीनं वाचते. पण त्यांच्यामागचा एक खरा खून ऐका. ऑक्टोबर १९२२. लंडनजवळ इलफर्डला, नाटक पाहून बायकोसोबत परतणाऱ्या पर्सी थॉम्प्सनला तिच्या प्रियकरानं, फ्रेडरिक बायवॉटर्सनं भोसकलं. एडिथला काहीच ठाऊक नव्हतं, असं तो सांगत राहिला. पण तिची प्रेमपत्रं कोर्टात वाचली गेली आणि खटला चालला तिच्या चारित्र्यावर. (आपल्याला यात नवल नाही!) ९ जानेवारी १९२३ ला दोघांनाही फाशी.
१९३० मध्ये डोरोथी सेयर्सनं यावरून रहस्यकथा रचली. तिच्यातली बायको पत्रांतून प्रियकराला भरीसच घालते. १९३४ मध्ये टेनिसन जेसी या लेखिकेनं मात्र 'अ पिन टू सी द पीपशो' ही कादंबरी बाईच्या बाजूनं लिहिली. त्यात रहस्य नाही. तरी मी तीच आधी वाचायला सांगेन.