चाकाच्या पोटातले वंगण

जुन्या बैलगाडीच्या आखाखाली वंगणाचे एक नळकांडे टांगलेले असे. एरंडेलात काजळी कालवून केलेले ते काळेभोर वंगण. लांबच्या वाटेला निघण्यापूर्वी गाडीवान चाक सैल करी, आखाला वंगण देई आणि मगच बैल जुंपी. हे त्याला कोणी सांगावे लागत नसे. वंगण संपले की चाक कुरकुरू लागे, आणि ती कुरकुर गाडीवानाच्या कानाला व बैलांच्या खांद्याला एकाच वेळी कळे.

आज बेळगाव, चिकोडी, अथणी, निपाणी या भागांत ऊस वाहण्याचे मोठे काम ट्रॅक्टर आणि त्यामागची ट्रॉली करते. ट्रॉलीच्या चाकालाही वंगण लागतेच. मात्र ते आता डोळ्यांआड, हबच्या पोटात गेले आहे. शिवाय पुढे ट्रॅक्टरचे इंजिन एवढे गर्जत असते की मागच्या चाकाची तक्रार चालकाच्या कानापर्यंत पोहोचत नाही. बैल थकून थांबत असे. इंजिन थांबत नाही. ते दुखणाऱ्या चाकालाही ओढतच राहते. म्हणून जे काम पूर्वी कानाने होत असे, ते आता नियमाने करणे भाग आहे.

प्रथम या हबची रचना पाहू. बैलगाडीत तुंब्याची कड आखावर घासत फिरते. ट्रॉलीच्या हबमध्ये घासण्याऐवजी लोळण्याची योजना असते. जमिनीवरचा जड पेटारा ओढून हलत नाही, पण त्याखाली गोल लाकडे घातली की सहज सरकतो, तत्त्व तेच. हबमध्ये अशी दोन बेअरिंगे असतात, एक आतल्या बाजूचे मोठे व एक बाहेरचे लहान. त्यांतील रोळ सरळ नसून एका टोकाला किंचित निमुळते असतात. सेंट लुई येथील घोडागाड्या बनवणारे कारखानदार हेन्री टिमकेन यांनी १८९८ मध्ये अशा बेअरिंगचे पेटंट मिळवले. गाडी वळताना चाकावर केवळ वरून नव्हे, तर बाजूनेही जोर येतो. निमुळते रोळ हे दोन्ही भार एकाच वेळी पेलतात. घोडागाडीसाठी निघालेली ही युक्ती आज मोटारींत, मालट्रकांत, अमेरिकेतील प्रवासी घर-गाड्यांत आणि आपल्या उसाच्या ट्रॉलीतही काम करीत आहे.

रोळ लोळतात हे खरे, तरी धातूला धातू लागू नये म्हणून त्यांच्यामध्ये तेलाचा अत्यंत पातळ पडदा असावा लागतो. तो पडदा ग्रीस पुरवते. ग्रीस म्हणजे साबणासारख्या द्रव्यात धरून ठेवलेले तेल होय. स्पंज पाणी धरून ठेवतो आणि दाबले की सोडतो, तसेच हे घडते. काही काळाने हे तेल आटते, ग्रीस कडक होते, त्यात धूळ व पाणी शिरते. मग उष्णता वाढू लागते. उष्णतेने उरलेले ग्रीस पातळ होऊन वाहून जाते, आतल्या बाजूचे ऑइल सील करपते, रोळांची जाळी तुटते आणि रोळ विस्कटतात. चाक तिरके चालू लागते. हब ॲक्सलचे टोक खाऊ लागतो. यापुढे एकतर चाक निखळते, नाहीतर ॲक्सल तुटते. एका दिवसात हे घडत नाही, परंतु शेवटची पायरी मात्र क्षणात येते.

हे टाळण्याचे काम अवघड नाही. ट्रॉली रिकामी करावी, सपाट जागी उभी करावी, बाकीच्या चाकांना दगडाची ओट द्यावी. जॅक लावल्यावर चौकटीखाली भक्कम आधार द्यावा. केवळ जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नये. चाक काढल्यावर हबची टोपी, स्प्लिट पिन, नट आणि वॉशर या क्रमाने काढावेत व स्वच्छ फडक्यावर त्याच क्रमाने मांडावेत. बाहेरचे बेअरिंग हातात येते. हब ओढून घेतला की मागचे सील काढून आतले बेअरिंगही मोकळे होते. डावीकडची बेअरिंगे उजवीकडे जाऊ देऊ नयेत, कारण प्रत्येक बेअरिंग आपल्या वाटीबरोबर झिजलेले असते.

जुने ग्रीस रॉकेलने किंवा डिझेलने पूर्ण धुवावे. पेट्रोल वापरून आगीला निमंत्रण देऊ नये. धुतलेले बेअरिंग हवेच्या झोताने गरगर फिरवण्याचा मोह काही तरुण कारागिरांना होतो. तसे करू नये. कोरडे बेअरिंग वेगाने फिरले तर खराब होते, आणि रोळ उडून डोळ्याला लागू शकतो.

आता खरी परीक्षा. बेअरिंगच्या अंगावर त्याचा इतिहास लिहिलेला असतो. तो वाचता आला पाहिजे. रोळांवर निळसर वा तपकिरी छटा असेल, तर ते तापले होते असे समजावे. बारीक ओरखडे धूळ शिरल्याचे सांगतात. पृष्ठभागावरचे टवके उडाले असतील, तर भार आणि वय यांनी पोलाद थकले आहे. आणि सारख्या अंतरावर गंजाच्या रेघा दिसल्या, तर पाणी आत शिरून ट्रॉली महिनोन्महिने एका जागी उभी होती. यांपैकी एखादे लक्षण स्पष्ट दिसले की बेअरिंग बदलावे, आणि त्याबरोबर हबमध्ये बसवलेली त्याची वाटीही बदलावी. जुन्या वाटीत नवे बेअरिंग बसवणे ही काटकसर नव्हे.

ग्रीस चाकाच्या बेअरिंगसाठीच केलेले, चांगल्या प्रतीचे घ्यावे आणि दोन जातींची ग्रीसे एकत्र करू नयेत. काही जाती मिसळल्या की दोन्ही पातळ होतात. तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत जावी. ग्रीस रोळांच्या फटींतून दुसऱ्या बाजूने वर येईपर्यंत थांबू नये. नुसते बाहेरून माखलेले बेअरिंग आतून कोरडेच राहते. उलट, हबची सारी पोकळी ठासून भरणेही बरे नाही. तापल्यावर ग्रीस फुगते आणि सीलला बाहेर ढकलते. सील दर वेळी नवेच घालावे.

शेवटी नट. येथेच अधिक चुका होतात. ‘घट्ट म्हणजे सुरक्षित’ ही समजूत येथे लागू नाही. हब हाताने फिरवीत नट आवळावा, म्हणजे रोळ आपापल्या जागी बसतात. मग नट पूर्ण सैल करावा आणि पुन्हा केवळ बोटांच्या जोराने लावावा. पिनेचे भोक जुळत नसेल, तर नट किंचित सैल करून जुळवावे, आवळून नव्हे. हबला जेमतेम जाणवेल एवढीच चाल राहिली पाहिजे. अतिघट्ट बेअरिंग तापते, अतिसैल आदळते. स्प्लिट पिनही नवी घालावी. तिची किंमत नगण्य असली, तरी नट परत फिरू नये म्हणून अडवणारी तीच एक वस्तू आहे.

जोडणीनंतर दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर थांबून हबजवळ हाताची पाठ न्यावी. कोमट असणे स्वाभाविक. हात नेववत नसेल, किंवा एक बाजू दुसरीपेक्षा फार तापली असेल, तर पुढे जाऊ नये. हंगामातही अधूनमधून चाक उचलून, टायर वर-खाली धरून हलवून पाहावे. खडखड जाणवली किंवा फिरवताना घरघर ऐकू आली, तर त्याच दिवशी हब उघडावा.

अमेरिकेतील घर-गाड्यांचे निर्माते हे काम वर्षातून एकदा किंवा १२,००० मैलांनंतर, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, करण्यास सांगतात. उसाच्या ट्रॉलीचा भार, धूळ आणि चिखल पाहता तिला याहून अधिक लक्ष द्यावयास हवे. पावसाळ्यापूर्वी ट्रॉली उभी करताना एकदा आणि हंगामाच्या तोंडाशी पुन्हा एकदा, हा नियम सोपा आहे. खंडेनवमीला ट्रॅक्टर-ट्रॉली धुऊन तिला झेंडूचा हार घालण्याची रीत घरोघर आहे. त्या दिवसापूर्वी चारही हब उघडून झाले असतील, तर ती पूजा अधिक अर्थपूर्ण होईल.

कारण ट्रॉलीवर केवळ ऊस नसतो. हंगामाच्या आरंभी बीड, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून ऊसतोडीची कुटुंबे याच ट्रॉल्यांतून येतात. भांडीकुंडी, कोयते, शेळ्या, आणि त्या साऱ्यामध्ये आईच्या मांडीवर निजलेले मूल. ट्रॉली माणसे वाहण्यासाठी नसते, हे खरे. तथापि ती माणसे तीत असतात, हेही तितकेच खरे. रात्रीच्या अरुंद रस्त्यावर निखळलेले चाक समोरून येणाऱ्या सायकलस्वारालाही सोडत नाही. त्या निजलेल्या मुलाला हब, सील, पिन यांतले काही ठाऊक नसते. त्याच्या वतीने ते ठाऊक असणे हे ट्रॉलीच्या मालकाचे आणि चालकाचे काम आहे.

जुना गाडीवान वंगणाचे नळकांडे विसरत नसे. नळकांडे गेले, बैलही गेले; ती सवय मात्र जाता कामा नये.