भाकरीचा घास आणि लाळेतलं विकर

वाशिमकडची ज्वारीची भाकर कालवणाशिवाय नुसती चावत राहा. थोड्या वेळानं गोडसर लागते. लाळेतलं अमायलेज हे विकर स्टार्च तोडून माल्टोज साखर तयार करतं. मिठातला क्लोराइड त्याला चिकटला की त्याचा वेग वाढतो, आणि सामू 7 च्या आसपास ते सर्वांत जोमानं चालतं. म्हणून ठेच्यात मूठभर मीठ घालू नका बरं, लाळेत पुरेसा क्लोराइड असतोच! आंबटाचं मात्र उलटं. घासावर भरपूर लिंबू पिळून सामू 4 च्या खाली उतरला, की अमायलेज थंडावतं. जठरातलं आम्लही तेच करतं, पण घासाच्या गाभ्यापर्यंत ते पोचेस्तोवर काम सुरूच राहतं. उरलेला स्टार्च लहान आतड्यात स्वादुपिंडाचं अमायलेज पचवतं.